विश्लेषण : गहुंजेत फिरकीचा डाव भारतावरच का उलटला? चाहत्यांचा राग नेमका कोणावर?

मावळातील गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या (एमसीए) मैदानावर आजवर पुरुषांचे तीन कसोटी सामने झाले. तिन्ही गुरुवारी सुरू झाले. त्यांपैकी दोन शनिवारीच आटोपले आणि ते दोन्ही भारताने गमावले. इंदुरी, तळेगाव, वडगाव, देहू या पट्ट्यातल्या ज्या चाहत्यांनी सुट्टीचा रविवार मैदानात घालवायचा बेत आखला होता, त्यांना तो फक्त २०१९ मध्ये जमला. २६ ऑक्टोबर २०२४ च्या शनिवारी न्यूझीलंडने इथे भारताला ११३ धावांनी हरवले आणि मायदेशातील सलग १८ मालिका विजयांची साखळी तुटली. त्यानंतर सुरू झालेला वाद अजून शमलेला नाही. कुलदीप यादवला का बसवले? खेळपट्टी इतकी फिरकीधार्जिणी का ठेवली? हे निर्णय घेणारे ‘संघ व्यवस्थापन’ म्हणजे नक्की कोण?

सामन्याआधीच नाराजी का होती?

मालिकेतली पहिली कसोटी बंगळूरुत होती. ढगाळ हवेत, ओलसर खेळपट्टीवर नाणेफेक जिंकून रोहित शर्माने फलंदाजी घेतली आणि भारत ४६ धावांत गारद झाला. खेळपट्टीचा अंदाज चुकल्याचे रोहितने नंतर मान्य केले. तो सामना आठ गडी राखून गेला. वेगवान गोलंदाजांनी घात केला, तेव्हा पुढच्या सामन्यात चेंडू फिरला पाहिजे, असा सरळ हिशेब त्यानंतर दिसला. गहुंजेत काळ्या मातीची, गवत नसलेली, संथ खेळपट्टी मिळाली.

संघही बदलला. के. एल. राहुल, मोहम्मद सिराज आणि कुलदीप यादव बाहेर गेले. शुभमन गिल, आकाश दीप आणि वॉशिंग्टन सुंदर आत आले. वॉशिंग्टन मूळ चमूत नव्हताच. बंगळूरुच्या पराभवानंतर त्याला बोलावण्यात आले. त्याआधी रणजी करंडकात दिल्लीविरुद्ध त्याने शतक ठोकले होते, पण कसोटी खेळून साडेतीन वर्षे उलटली होती. कुलदीपने मात्र बंगळूरुत पहिल्या डावात तीन बळी घेतले होते.

समालोचन करताना सुनील गावस्कर यांनी या निवडीवर बोट ठेवले. वॉशिंग्टनची निवड गोलंदाजीसाठी कमी आणि खालच्या फळीतल्या धावांसाठी जास्त आहे, संघाला फलंदाजीची चिंता वाटते आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. चाहत्यांचेही तेच म्हणणे होते. चेंडू फिरणाऱ्या खेळपट्टीवर देशातला एकमेव अव्वल मनगटी फिरकीपटू बाकावर का?

व्यवस्थापनाची बाजूही समजून घ्यायला हवी. टॉम लॅथम, डेव्हॉन कॉन्वे, रचिन रवींद्र हे न्यूझीलंडचे प्रमुख फलंदाज डावखुरे. ऑफ-स्पिनरचा चेंडू डावखुऱ्यापासून बाहेर जातो आणि तो खेळणे अवघड असते. आर. अश्विनच्या जोडीला आणखी एक ऑफ-स्पिनर असावा, हा तर्क कागदावर चुकीचा नव्हता.

मग वॉशिंग्टन अपयशी ठरला का?

अजिबात नाही, आणि या सगळ्या वादातला सर्वांत गमतीचा भाग तोच आहे. २४ ऑक्टोबरला दुपारपर्यंत न्यूझीलंड ३ बाद १९७ असा सुस्थितीत होता. कॉन्वे ७६ धावा करून गेला होता, रवींद्र ६५ वर खेळत होता. तिथून वॉशिंग्टनने पुढचे सातही गडी एकट्याने बाद केले. त्यांतले पाच त्रिफळाचीत. रवींद्रची यष्टी उडवणारा चेंडू तर कोणत्याही ऑफ-स्पिनरने आयुष्यभर जपून ठेवावा असा होता. न्यूझीलंड २५९ वर सर्वबाद. वॉशिंग्टन ५९ धावांत ७ बळी, अश्विन ६४ धावांत ३. दुसऱ्या डावात वॉशिंग्टनने आणखी ४ बळी घेतले. सामन्यात ११५ धावांत ११ बळी.

सकाळी ज्या निवडीला नावे ठेवली गेली, तिचेच संध्याकाळी कौतुक झाले. कडक उन्हात, छप्पर नसलेल्या स्टँडमध्ये बसलेल्या प्रेक्षकांचा राग त्या दिवशी संघावर नव्हताच. पहिल्या सत्रात पिण्याचे पाणी संपल्याने तो एमसीएवर निघाला, घोषणाबाजी झाली आणि संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

दुसऱ्या दिवशी चित्र पालटले. न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज मॅट हेन्री दुखापतीमुळे खेळू शकला नव्हता. त्याच्या जागी आलेला डावखुरा फिरकीपटू मिचेल सँटनर याने तोवरच्या कसोटी कारकीर्दीत एका डावात पाच बळी कधीच घेतले नव्हते. गहुंजेत त्याने ५३ धावांत ७ बळी घेतले. विराट कोहली त्याच्या फुलटॉसवर त्रिफळाचीत झाला, अवघ्या एका धावेवर. भारत १५६ वर सर्वबाद. दुसऱ्या डावात लॅथमने ८६ धावा करून आघाडी वाढवली आणि भारतासमोर ३५९ धावांचे लक्ष्य आले. यशस्वी जयस्वालने ७७ धावांची झुंज दिली, पण डाव २४५ वर संपला. सँटनरला पुन्हा ६ बळी. सामन्यात एकूण १३. न्यूझीलंडने भारतात जिंकलेली ही पहिलीच कसोटी मालिका.

म्हणजे गोलंदाज निवडण्याचा निर्णय फळला आणि सामना तरीही गेला. रोहितने पराभवानंतर हे सांघिक अपयश असल्याचे सांगितले आणि खेळपट्टीला दोष दिला नाही. चाहत्यांच्या मनातला प्रश्न मात्र वेगळा होता. सँटनरसारख्या गोलंदाजाला १३ बळी मिळतील अशी खेळपट्टी आपणच त्याच्या हाती का दिली?

खेळपट्टी कशी असावी, हे कोण ठरवते?

नियमाप्रमाणे खेळपट्टी तयार करणे हे स्थानिक संघटनेच्या क्युरेटरचे काम. त्यावर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या क्युरेटरांची देखरेख असते. पण यजमान संघाचा कर्णधार आणि प्रशिक्षक आपली पसंती कळवतात, हे जगभर चालते. इंग्लंडमध्ये गवत राखतात, ऑस्ट्रेलियात उसळी मिळते, भारतात चेंडू फिरतो. त्यात गैर काही नाही.

ती पसंती प्रत्यक्षात उतरते ती पाणी, रोलर आणि गवत या तीन गोष्टींतून. किती दिवस आधी पाणी बंद करायचे, कोणता रोलर किती वेळ फिरवायचा आणि गवत किती कापायचे, यावर चेंडू पहिल्या दिवशी फिरणार की चौथ्या, हे बरेचसे ठरते. मातीचाही वाटा असतो. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त, ती ओलावा धरून ठेवते. त्यामुळे चेंडू संथ येतो आणि खाली राहतो. लाल मातीची खेळपट्टी लवकर सुकते, तिच्यावर उसळी अधिक मिळते.

गहुंजेत हे सगळे २०१७ मध्येही घडले होते, हे विसरता येत नाही. मैदानावरची ती पहिलीच कसोटी. भारत सलग १९ कसोटींत अपराजित होता आणि ऑस्ट्रेलियाकडून कोणालाच फार अपेक्षा नव्हती. खेळपट्टी पहिल्या दिवसापासून भेगाळलेली. स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकीपटूने दोन्ही डावांत ३५ धावांत ६, म्हणजे ७० धावांत १२ बळी घेतले. भारत १०५ आणि १०७ धावांत आटोपला. पहिल्या डावातले शेवटचे सात गडी ११ धावांत गेले. त्याच खेळपट्टीवर स्टीव्ह स्मिथने दुसऱ्या डावात शतक झळकावले आणि ऑस्ट्रेलिया ३३३ धावांनी जिंकला. आयसीसीने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला.

फिरकीला मदत म्हणजे भारताला मदत, हे गणित कुठे चुकते?

मावळात दिवाळीनंतर गावोगावी टेनिस बॉलचे चषक सुरू होतात. तिथे खेळणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. सामना सहा षटकांचा असेल तर दुबळा संघही बलाढ्य संघाला पाडू शकतो. एखाद्याचे दोन षटकार बसले, एक झेल सुटला की निकाल फिरतो. तोच सामना वीस षटकांचा झाला की चांगला संघ बहुतेक वेळा जिंकतो. खेळ जितका लांबतो तितका नशिबाचा वाटा कमी होत जातो.

खेळपट्टी पहिल्या दिवसापासून हातभर वळू लागली की पाच दिवसांची कसोटी तीन दिवसांवर येते, म्हणजे सामना छोटा होतो. त्यात पाहुण्या संघाचा फायदा असतो. अश्विन आणि रवींद्र जडेजा सपाट खेळपट्टीवरही फलंदाजाला चकवू शकतात. सँटनर किंवा ओकीफ यांना तिथे ते तितके जमत नाही. पण खेळपट्टीच जेव्हा काम करते तेव्हा हा फरक पुसला जातो. एक चेंडू वळतो, दुसरा सरळ राहतो आणि टाकणाऱ्यालाही तो काय करणार हे ठाऊक नसते. गहुंजेत दोन्ही वेळा भारताची फलंदाजी उद्ध्वस्त करणारे गोलंदाज जगातले सर्वोत्तम फिरकीपटू नव्हते, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

दुसरी गोष्ट नाणेफेकीची. अशा खेळपट्टीवर शेवटी फलंदाजी करणे म्हणजे शिक्षाच. २०१७ मध्ये नाणेफेक स्मिथने जिंकली, २०२४ मध्ये लॅथमने. गहुंजेनंतर मुंबईत वानखेडेवर लॅथमनेच ती पुन्हा जिंकली. तिथे १४७ धावांचे लक्ष्य असताना भारत १२१ वर आटोपला, एजाझ पटेलने सामन्यात ११ बळी घेतले आणि मालिका ०-३ अशी गेली. तीन किंवा अधिक सामन्यांच्या मायदेशातील मालिकेत भारताला एकही सामना जिंकता किंवा अनिर्णित राखता न आल्याची ती पहिलीच वेळ.

या सगळ्यावर सर्वांत बोलका पुरावा गहुंजेचाच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध इथली खेळपट्टी फलंदाजांना आणि वेगवान गोलंदाजांनाही साथ देणारी होती. व्यवस्थापनाने फलंदाज हनुमा विहारीला बसवून उमेश यादवच्या रूपाने जादा वेगवान गोलंदाज घेतला. उमेशने सामन्यात सहा बळी घेतले. कोहलीने नाबाद २५४ धावा केल्या, भारताने ५ बाद ६०१ वर डाव घोषित केला आणि सामना एक डाव व १३७ धावांनी जिंकला. अश्विन, जडेजानेही बळी घेतलेच. चेंडू पहिल्या तासापासून वळायला हवा, अशी त्यांची गरज कधीच नव्हती.

बेसबॉलमध्येही हाच राग कसा?

गोलंदाज कोण आणि किती वेळ, यावरून चाहते व्यवस्थापनावर चिडतात, हे अमेरिकेत तर नित्याचेच. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा ‘पिचर’ कधी बदलायचा, हे मैदानाबाहेर बसलेला मॅनेजर ठरवतो. एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही.

२७ ऑक्टोबर २०२० रोजी वर्ल्ड सीरिजच्या सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेज संघ लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध १-० ने पुढे होता. ब्लेक स्नेल अप्रतिम फेकत होता. ७३ चेंडू, नऊ फलंदाज स्ट्राइकआउट, फक्त दोन हिट. डॉजर्सच्या पहिल्या तीन फलंदाजांना त्याने प्रत्येकी दोनदा बाद केले होते. तरीही सहाव्या डावात मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला बाहेर बोलावले. कारण आकडेवारी. फलंदाज एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जातो तेव्हा त्याची फटकेबाजी सुधारते, असे वर्षानुवर्षांची माहिती सांगत होती. बदली पिचर निक अँडरसनला मूकी बेट्सने लगेच फटका मारला, आघाडी गेली, सामना १-३ असा गेला आणि त्याबरोबर विजेतेपदही. टॅम्पाचे चाहते हा निर्णय आजही विसरलेले नाहीत.

सतरा वर्षांपूर्वी बोस्टन रेड सॉक्सच्या ग्रेडी लिटलने उलट केले होते. ऑक्टोबर २००३ मध्ये यँकीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ५-२ अशी आघाडी असताना दमलेल्या पेड्रो मार्टिनेझला त्याने आठव्या डावात तसेच ठेवले. बरोबरी झाली, अकराव्या डावात सामना गेला आणि लिटलचा करार पुढे वाढवला गेला नाही. एकाने आकडेवारीवर भरवसा ठेवला, दुसऱ्याने डोळ्यांवर आणि मनावर. शिव्या दोघांनाही बसल्या. कॅशला मात्र त्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर हा पुरस्कारही मिळाला.

क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाजाला थांबवून पुन्हा आणू शकतो, त्यामुळे बेसबॉलइतका अंतिम असा निर्णय षटकागणिक घ्यावा लागत नाही. कसोटीत असा एकच निर्णय असतो आणि तो नाणेफेकीच्या वेळी कागदावर लिहून द्यावा लागतो. कुलदीप बाकावर बसला की पाच दिवस बाकावरच. म्हणून राग त्या कागदावर जास्त असतो.

टी-ट्वेन्टीत तर कर्णधारच रोषाचा धनी?

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्राने हे पाहिले. मुंबई इंडियन्सने रोहितऐवजी हार्दिक पंड्याला कर्णधार केले होते आणि चाहते आधीच बिथरलेले होते. अहमदाबादच्या पहिल्या सामन्यात नवा चेंडू जसप्रीत बुमराला न देता हार्दिकने स्वतः घेतला. बुमराने तरीही १४ धावांत ३ बळी घेतले, मुंबई सहा धावांनी हरली. तीन दिवसांनी हैदराबादमध्ये सनरायझर्सने पहिल्या दहा षटकांत १४८ धावा कुटल्या. तोवर बुमराला मिळाले होते एकच षटक. सनरायझर्स २७७ वर थांबले. वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडवली गेली ती फक्त रोहितच्या प्रेमापोटी नव्हे. सर्वोत्तम गोलंदाज हाताशी असताना तो वापरत नाही, हे प्रेक्षकाला बसल्या जागी दिसत होते. मुंबई त्या हंगामात तळाला राहिली.

अर्थात चाहत्यांचा अंदाज दर वेळी बरोबर ठरतो असे नाही. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळणार, हे आधीच ठरले होते. एजबॅस्टनला आठवडाभराच्या विश्रांतीनंतरही त्याला बसवल्यावर रवी शास्त्रींसह अनेकांनी टीका केली. भारत तो सामना ३३६ धावांनी जिंकला. आकाश दीपने दहा बळी घेतले. शेवटची ओव्हल कसोटीही बुमराविना सहा धावांनी जिंकली.

कुलदीपबद्दलच इतकी सहानुभूती का?

कारण त्याच्याबाबतीत हे वारंवार घडले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये चट्टोग्राम कसोटीत आठ बळी घेऊन तो सामनावीर ठरला आणि पुढच्याच मीरपूर कसोटीत बाहेर बसला. तेव्हा प्रशिक्षक राहुल द्रविड होते, गंभीर नव्हेत. म्हणजे माणसे बदलली तरी सवय तीच. जून २०२३ मध्ये कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात क्रमवारीतला अव्वल गोलंदाज अश्विन बाहेर होता आणि भारत २०९ धावांनी हरला. २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये कुलदीपला पाचपैकी एकही कसोटी मिळाली नाही. त्यानंतर आशिया चषकात तो सर्वाधिक, १७ बळी घेणारा गोलंदाज ठरला आणि दिल्ली कसोटीत वेस्ट इंडिजचे आठ गडी त्याने बाद केले.

यामागे आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी हवी, हा हट्ट आहे. वरची फळी कोसळेल ही भीती इतकी खोल गेली आहे की गोलंदाज निवडतानाही आधी त्याच्या धावा मोजल्या जातात. गहुंजेत वॉशिंग्टनने ११ बळी घेतल्यामुळे हा हट्ट बरोबर ठरला असे व्यवस्थापनाला वाटले असेल, तर त्या सामन्याचा तो सर्वांत महागडा परिणाम म्हणावा लागेल.

गहुंजेनंतर काही बदलले का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्यात तेच चित्र दिसले. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चार फिरकीपटू, पहिल्या दिवसापासून असमान उसळी आणि नाणेफेक पुन्हा पाहुण्यांकडे. १२४ धावांच्या लक्ष्यापुढे भारत ९३ वर आटोपला. ऑफ-स्पिनर सायमन हार्मरने सामन्यात आठ बळी घेतले. कुलदीप या वेळी संघात होता, त्यामुळे निवडीचे खापर फोडायलाही जागा नव्हती. हवी होती तशीच खेळपट्टी मिळाली, असे गंभीर यांनी पत्रकारांना सांगितले आणि क्युरेटरची पाठराखण केली. बंगाल क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष सौरव गांगुली यांनीही ती संघाच्या मागणीप्रमाणे असल्याचे म्हटले. गहुंजेच्या वेळी जे अनुमानाने बोलले जात होते, ते कोलकात्यात उघडपणे मान्य झाले.

पुढच्या गुवाहाटी कसोटीत खेळपट्टी चांगली होती. दक्षिण आफ्रिकेने ४८९ धावा केल्या. भारत २०१ आणि १४० वर आटोपून ४०८ धावांनी हरला. त्यामुळे सगळा दोष मातीचाच, असेही आता म्हणता येत नाही. देशांतर्गत क्रिकेट कमी खेळणारे फलंदाज फिरकीसमोर चाचपडतात आणि ते झाकायला कोणतीही खेळपट्टी पुरत नाही. सामना संपल्यावर गुवाहाटीच्या प्रेक्षकांनी गंभीर यांच्याविरोधात घोषणा दिल्या. गहुंजेत चाहते पाण्यासाठी संघटनेवर ओरडले होते, खेळाडूंवर नव्हे. तेरा महिन्यांत रागाची दिशा बदलली.

ऑस्ट्रेलियाचा पाच कसोटींचा भारत दौरा २०२७ च्या सुरुवातीला नियोजित आहे. त्या मालिकेसाठी क्युरेटरला कोणता निरोप जातो आणि नाणेफेकीच्या कागदावर तिसरा फिरकीपटू म्हणून कोणाचे नाव येते, याकडे चाहत्यांचे आतापासूनच लक्ष आहे.